धोका घ्यायचा तो कुणाच्या नावावर?

एक घर डोळ्यांसमोर धरू. न्यू जर्सी. नवरा एच-१बीवर (म्हणजे मालकाच्या अर्जावर मिळणारा नोकरीचा व्हिसा), सॉफ्टवेअरमध्ये, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी मालकाने भरायचा अर्ज) मंजूर झालेला, पुढे ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, दहा वर्षांहून लांब रांग. बायको एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), हाताला चव, मंडळातल्या बऱ्याच घरांचा दिवाळीचा फराळ तिच्याच हातचा. त्याला मित्राच्या स्टार्टअपमध्ये जायचंय, तिला फराळाचा व्यवसाय काढायचाय. दोघांच्या मनात प्रश्न एकच: जे जमतं तेच धरून बसायचं, की उडी मारायची?

आमचं मत असं. जिथे हात बसलाय तिथेच धोका घ्या. एका वेळी घरातल्या एकानेच घ्या. आणि ज्याचा व्हिसा तो धोका पेलू शकतो त्याने घ्या. यातली तिसरी अट लोक विसरतात आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

पुण्यात नोकरी गेली तर हप्त्यांची ओढाताण होते, पण राहतं घर कुणी सोडायला लावत नाही. एच-१बीवर मात्र नोकरी संपली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ची (देशात किती दिवस राहता येईल याच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात नव्या मालकाने अर्ज भरायचा, किंवा तुम्ही दुसऱ्या स्टेटससाठी, म्हणजे राहण्याच्या दुसऱ्या प्रकारच्या परवानगीसाठी, अर्ज करायचा, किंवा बाडबिस्तरा आवरायचा. मुलांची शाळा, गाडीचं कर्ज, भाड्याचा करार, सगळं त्या ६० दिवसांवर टांगलेलं असतं. म्हणून परदेशातल्या घराने धोका मोजताना तीन रकाने मांडावेत: राहण्याचा हक्क, पैसा आणि वेळ. पैसा आणि वेळ पुन्हा उभा करता येतो. पहिला रकाना ज्याच्या नावावर आहे, त्याने उडी सगळ्यात शेवटी मारायची.

आधी नवऱ्याचं बघू. स्टार्टअपमध्ये जाणं वाईट नाही, पण ‘पुढचं फंडिंग येईपर्यंत निम्म्या पगारावर भागवू, बाकीचे शेअर्स घेऊ’ हे एच-१बीवर चालत नाही. अर्जात लिहिलेला पगार रोख द्यावाच लागतो, शेअर्स त्यात धरत नाहीत. पगार थांबला की कंपनीबरोबर तुमचं स्टेटसही अडचणीत येतं. त्यामुळे मित्राला पहिला प्रश्न हा विचारा: माझा पूर्ण पगार किती महिने देता येईल एवढी रक्कम आज बँकेत आहे? उत्तर बारा महिन्यांच्या खाली असेल तर थांबा. दुसरा प्रश्न, ग्रीन कार्डाची प्रक्रिया तुम्ही नव्याने सुरू करणार का आणि कधी, हे लेखी द्याल का?

स्वतःच्याच कंपनीमार्फत एच-१बी घेण्याची वाट १७ जानेवारी २०२५पासूनच्या नियमांत थोडी स्पष्ट झाली आहे. पण कंपनीवर तुमचं नियंत्रण असेल तर पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ प्रत्येकी १८ महिन्यांपुरतीच मिळते. हे सगळं वकिलाला सोबत घेऊनच करायचं.

साधी नोकरी बदलणं हा त्या मानाने मोजता येणारा धोका आहे, तरी मराठी घरांत त्याचीच भीती जास्त. ‘रांगेतला नंबर जाईल’ म्हणून माणसं दहा-दहा वर्षं एका खुर्चीत बसून राहतात, कौशल्य जुनं होत जातं आणि मग कपात आली की पहिलं नाव त्यांचंच निघतं. नंबर असा जात नाही. आय-१४० मंजूर झालं की, फसवणूक किंवा मोठी चूक निघाली नाही तर, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, तुमचीच राहते, नवा मालक नव्याने प्रक्रिया करतो आणि जुनी तारीख पुढे चालते. मात्र १८० दिवसांचा हिशोब नीट समजून घ्या. मंजुरीला १८० दिवस व्हायच्या आत नोकरी सोडली आणि जुन्या मालकाने आय-१४० मागे घेतलं, तर तारीख राहते, पण त्या मंजुरीच्या आधारावर एच-१बीच्या नेहमीच्या सहा वर्षांपुढची मुदतवाढ मागता येत नाही. १८० दिवस उलटल्यावर मालकाने मागे घेतलं तरी तो आधार टिकतो.

आता हे बायकोच्या व्यवसायाशी कसं जोडलेलं आहे ते पाहा. २०१५पासून एच-४वरच्या जोडीदाराला जे वर्क परमिट मिळतं, म्हणजे ईएडी, त्याचा पाया बहुतेक घरांत नवऱ्याचं हेच आय-१४० असतं. त्याने घाईने पाचव्या महिन्यात नोकरी बदलली, मालकाने कागद मागे घेतला, की तिच्या परमिटाचं नूतनीकरण अडतं. एकाची उडी दुसऱ्याचं दुकान बंद करते ती अशी. एका वेळी एकानेच, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी. नोकरी बदलण्याआधी आय-१४०च्या मंजुरीची प्रत मागून घ्या. ती मालकाची असते आणि कंपनी कधीकधी देत नाही. निदान पावती क्रमांक आणि मंजुरीची तारीख टिपून ठेवा.

एच-४ ईएडीवर नोकरी करता येते, स्वतःचा धंदाही करता येतो. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या घरात धोका पेलणारा व्हिसा तिचा आहे आणि कसबही तिच्या हातात आहे. सुरुवात तिने करावी. नवऱ्याचा पगार आणि विमा घराचा आधार म्हणून जागेवर राहू द्यावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही मुंबईत शिकवण्याची नोकरी सांभाळत बेळगावला भावाकडे सायकली धाडल्या होत्या. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१०चा, म्हणजे पुष्कळ नंतरचा.

ईएडीचं एक पथ्य. ३० ऑक्टोबर २०२५पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. जुन्या कार्डाची तारीख संपली आणि नवं हातात नसेल, तर त्या दिवशी ऑर्डर घेणं थांबलं पाहिजे. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, त्याच आठवड्यात करा. कार्ड ऑक्टोबरात संपत असेल तर दिवाळीच्या ऑर्डर स्वीकारायच्या आधी हे बघा, आगाऊ पैसे घेऊन बसू नका.

घरातली मदत हा नाजूक विषय आहे, पण सांगायलाच हवा. एच-१बीवरचा नवरा बायकोच्या व्यवसायात पैसा घालू शकतो, भागीदारही असू शकतो. पण शनिवारी डबे पोचवणं, ऑर्डरचे मेसेज सांभाळणं, लेबलं चिकटवणं हे काम धरलं जाऊ शकतं, पगार घेतला नाही तरी. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई किंवा सासूबाई व्हिजिटर व्हिसावर असतात. घरच्यांसाठी त्यांनी लाडू वळले तर तो त्यांचा आनंद, विक्रीचे लाडू वळले तर ते काम. मदत लागणारच असेल तर काम करायची परवानगी असलेल्या व्यक्तीला रीतसर पैसे देऊन घ्या.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकघर. घरून पदार्थ विकायचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. न्यू जर्सीने ही परवानगी सगळ्यात शेवटी, ऑक्टोबर २०२१मध्ये दिली. दोन वर्षांच्या परवान्याला १०० डॉलर, वर्षाची विक्री जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र आवश्यक. माल थेट खाणाऱ्याच्या हातात द्यायचा, दुकानाला घाऊक नाही आणि राज्याबाहेर नाही. पेनसिल्व्हेनियातल्या मावशीला खोकं पाठवून पैसे घेणं यात बसत नाही. आणि पदार्थ फ्रिजशिवाय टिकणारे हवेत: बेसनलाडू, शंकरपाळे, चिवडा या जातीचे. उकडीचे मोदक, श्रीखंड, पनीरचं काही, ओल्या नारळाचं काही, हे या परवान्यात येत नाही. त्यासाठी परवानाधारक भाड्याचं स्वयंपाकघर लागतं. तळणीचे पदार्थ काही राज्यांत चालतात, काहींत नाहीत. आपल्या पदार्थांची नावं सरकारी यादीत सापडणार नाहीत, तेव्हा घटक आणि कृती इंग्रजीत लिहून आरोग्य विभागाला आधीच विचारा.

लेबलावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, घरगुती स्वयंपाकघरात बनवल्याचं वाक्य आणि ॲलर्जीचे घटक. इथे मराठी स्वयंपाकघराच्या तीन चुका ठरलेल्या आहेत. तीळ १ जानेवारी २०२३पासून अमेरिकेतला नववा प्रमुख ॲलर्जन आहे, म्हणजे तिळगूळच काय, चकलीवर तीळ असतील तरी लिहायचे. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणून ‘चिवडा ग्लूटेनमुक्त’ असं सांगण्याआधी डबी वाचा. आणि तूप म्हणजे दूध, हे आपल्याला ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नाही.

हात बसलाय याची खरी परीक्षा प्रमाण वाढवल्यावर होते. बेसनलाडू घ्या. १ किलो बेसन, ५५० ग्रॅम तूप, ७५० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, काजू. मंद आचेवर चाळीसेक मिनिटं भाजायचं, रंग बदलून खमंग वास सुटेपर्यंत. ३५ ग्रॅमचा एक धरला तर साधारण ६५ लाडू. ऑर्डर चौपट झाली म्हणून चार किलो बेसन एकाच कढईत घातलं की तळाचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं, कच्चं बेसन टाळूला चिकटतं. घाईत गरम पिठातच साखर मिसळली तर ती पाघळते आणि लाडू बसतात. कढई मोठी करण्याऐवजी फेऱ्या वाढवा, एका फेरीला दोन किलोच्या वर जाऊ नका. साखर पीठ कोमट झाल्यावरच.

आता हिशोब. एका किलोच्या फेरीला बेसन ५ डॉलर, तूप ११, साखर २, वेलची-काजू ४, डबे आणि लेबलं ५, असे २७ डॉलर धरा. लाडू सव्वा डॉलरला विकला तर ८१ डॉलर आले, उरले ५४. भाजणं, वळणं, भरणं, भांडी यात अडीच तास आणि खरेदी, फोन, घरपोच देणं यात आणखी अडीच. तासाला अकरा डॉलरही धड नाहीत, तेही कर कापायच्या आधी. न्यू जर्सीचं किमान वेतन १५ डॉलरच्या वर आहे. बहुतेक घरगुती व्यवसाय इथेच मार खातात: चव अव्वल असते, तास मोजलेले नसतात. घरपोच देणं बंद करून शनिवारी दोन तास एकाच ठिकाणी माल न्यायला बोलावलं आणि फेरीमागे अडीच तासांचा एक झाला, तर तेच ५४ डॉलर साडेतीन तासांत सुटतात, तासाला पंधरा-साडेपंधरा. भाव दोन डॉलर केला तर पाच तासांतही वीस सुटतात. ओळखीच्यांना भाव सांगताना जीभ अडते. म्हणून दरपत्रक छापून ठेवा आणि सगळ्यांना तेच पाठवा.

नफ्यावर नेहमीच्या आयकराखेरीज स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर लागतो. तो वर्षातून चारदा आगाऊ भरायचा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. आलेल्या दर डॉलरमधला नफ्याचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. घराच्या विम्यात धंद्यातलं नुकसान सहसा येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्या.

ब्रिटनमधल्या घरांसाठी थोडक्यात. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर तिथेही मुदत साधारण ६० दिवसांवर येते, आणि तिथेही जोडीदार स्वतःचा धंदा करू शकतो. घरून पदार्थ विकायचे तर सुरू करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक काउन्सिलकडे नोंदणी करायची, ती फुकट असते. ॲलर्जीचे घटक तिथे १४ आहेत.

कधी थांबायचं हे सुरू करतानाच ठरवा आणि दोघांनी सही करून फ्रिजवर लावा. उदाहरणार्थ, जास्तीत जास्त ६,००० डॉलर आणि १४ महिने, म्हणजे एक दिवाळी, एक संक्रांत, एक गणपती त्यात येतील. दिवाळीच्या तीन आठवड्यांवर भरवसा ठेवू नका, तेव्हा सगळ्यांचंच खपतं. फेब्रुवारी-मार्च पाहा. सण नसताना, ओळख नसलेल्या किती लोकांनी दुसऱ्यांदा मागवलं? त्या दोन महिन्यांत अशी पंधरा घरंही नसतील तर पदार्थ कमी करा. पाच प्रकार ठेवण्यापेक्षा जो सगळ्यात जास्त परत मागितला जातो तो एकच ठेवा आणि आणखी चार महिने बघा. पंधराच्या वर असतील तर भाड्याच्या स्वयंपाकघराचा विचार करा, पण ताशी दर विचारताना किमान तासांची अट, साफसफाईचा आकार आणि माल ठेवायच्या कपाटाचं भाडं वेगळं विचारा. नवऱ्याच्या नोकरी बदलण्याचा विषय काढायचा असेल तर तो या टप्प्यानंतर, आणि त्याही वेळी घराचा सहा महिन्यांचा खर्च अधिक सगळ्यांच्या परतीच्या तिकिटांएवढी रक्कम व्यवसायापासून वेगळ्या खात्यात हवी. त्यात विम्याचेही पैसे धरा: नोकरी सुटल्यावर कोब्रा या कायद्याखाली कंपनीचा जुना आरोग्यविमा सहसा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण हप्ता पूर्ण आपला, कंपनीचा वाटा धरून १०२ टक्क्यांपर्यंत. तो निवडायला ६० दिवस मिळतात.