व्यायामानंतर बर्फाच्या पाण्यात बसल्याने खरंच रिकव्हरी होते का?

होते, पण तुमचा व्यायाम कोणता त्यावर सगळं आहे. लांब पळणं झालंय किंवा लागोपाठ मॅचेस आहेत आणि उद्या परत मैदानात उतरायचंय तर जरूर बसा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकतं ते बऱ्यापैकी कमी होतं. पाणी साधारण १० ते १५ डिग्री आणि वेळ १० ते १५ मिनिटं, एवढं पुरे, त्याहून गार पाण्यात बसून जास्त फायदा होईल असं काही नाही.

पण जिममध्ये मसल वाढवायला वजनं उचलत असाल तर प्लीज लगेच थंड पाण्यात जाऊ नका, कारण गारव्यामुळे रक्तपुरवठा कमी होतो आणि मसल वाढायचा जो सिग्नल मिळतो तोच मंदावतो, आठवड्यांमागून आठवडे असं केलं तर वाढ कमी होते, २०१५ च्या एका अभ्यासात हे दिसलंय. मग मेहनत कशाला वाया घालवायची?

आणि हो, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, एकदम गार पाण्यात शिरलं की श्वास अडकतो आणि बीपी झटकन चढतं. हळूहळू उतरा, एकटे असताना करू नका.