परस्पर संमतीने घटस्फोट घेताना सहा महिने थांबावंच लागतं का? वकील न लावता काम होतं का?

थांबावंच लागतं असं नाही. अमरदीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की हा कालावधी माफ करता येतो. पहिल्या मोशनआधीच (दोघांनी मिळून न्यायालयात दिलेला अर्ज ही पहिली मोशन, सहा महिन्यांनंतरची घटस्फोटाची अंतिम मागणी ही दुसरी) दीड वर्ष वेगळे राहत असाल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलं असेल, तर पहिल्या मोशननंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो.

पण ‘सगळं मिटलं’ म्हणजे काय, हे कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी लेखी ठरवलेल्या अटींत, दिसतं. ‘दोन पानांत उरका, बाकीचं नंतर बघू’ असा सल्ला देणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. नंतर बघायला कोणी उरत नाही.

एकरकमी पोटगीचंच घ्या. अर्धी रक्कम पहिल्या मोशनला आणि अर्धी दुसऱ्या मोशनला, असं सर्रास ठरतं आणि दोन्ही डीडी एकदमच काढले जातात. डीडीची मुदत तीन महिन्यांची असते, त्यामुळे सहा महिन्यांनी दुसरा डीडी हातात नुसता कागद म्हणून उरतो. तो दुसऱ्या मोशनच्या तारखेजवळच काढायचा, आणि रक्कम चुकली तर पुढे काय, हेही अटींत लिहायचं.

४९८अची (पती किंवा सासरच्यांकडून छळ; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) तक्रार असेल तर ‘पत्नी तक्रार मागे घेईल’ या एका ओळीने काहीच होत नाही. हा गुन्हा पक्षकारांना आपसात मिटवता येत नाही आणि कौटुंबिक न्यायालयाला एफआयआर रद्द करता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो कोण करणार, पत्नी संमतीचं प्रतिज्ञापत्र कधी देणार, पैशांचा शेवटचा हप्ता त्याला जोडलेला आहे का, हे तारखांसकट लिहा.

फ्लॅटचंही तसंच. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या आपसातल्या अटी बँकेला लागू होत नाहीत, ती दोघांकडेही वसुलीला येऊ शकते. एकाला कर्जातून मोकळं केल्याचं बँकेचं लेखी पत्र आधी मिळवा. हक्कसोडपत्र कोण नोंदवणार आणि मुद्रांक शुल्क कोण भरणार, हेही ठरवून घ्या. मुलांच्या भेटीबाबत ‘सोयीनुसार’ हा शब्द तर कधीच चालवून घेऊ नका. वार, वेळ, मूल कुठे सोपवायचं, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी, पासपोर्टवरची सही, सगळं लिहा. आईने मुलाची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क संपत नाही.

वकिलाचं म्हणाल, तर कौटुंबिक न्यायालयात स्वतः उभं राहता येतं. तिथे वकील लावणं हा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीची गोष्ट आहे. समुपदेशकासमोर तर दोघांनाच बोलायचं असतं. पण अटींचा मसुदा वकिलाकडूनच तयार करून घ्या, आणि तो वकील दोघांचा एकच नको.

हे सगळं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३बबद्दल आहे. अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मात्र एकाच घरात पती-पत्नीसारखे न राहणंही त्यात धरतात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती काढून घेऊ शकतं, म्हणून पूर्ण रक्कम आधीच देऊन मोकळे होऊ नका. हुकूमनामा झाला की नक्कल विभागात लगेच अर्ज करा आणि निदान तीन प्रमाणित प्रती मागा: पासपोर्ट, बँक आणि पुढच्या विवाहनोंदणीसाठी त्या लागतात.