तांडेलाची सही आधी घे

मांडव्याच्या लाँचवर दोन हंगाम खलाशी म्हणून काढलेस, आता इंग्लंडला सोलंटवरच्या (तिथल्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या सामुद्रधुनीवरच्या) एखाद्या कॉलेजात यॉटमास्टर ऑफशोअर, म्हणजे छोट्या बोटींच्या कप्तानाचं प्रमाणपत्र, करावं का, असं विचारलंस. व्हिसा, फी, राहण्याची सोय हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर मिळेल, ते सोडतो. हे प्रमाणपत्र म्हणजे तिथे काम करण्याचा परवाना नव्हे, व्यापारी जहाजावरच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्रही नव्हे. त्यावर व्यावसायिक शिक्का, म्हणजे पगारी कामासाठीची नोंद, घेतलास की २४ मीटरपर्यंतची, १२ प्रवाशांपर्यंतची बोट सुरक्षित बंदरापासून १५० सागरी मैलांपर्यंत नेता येते.

पैसे भरण्याआधी डोळे तपास, रंगांची ओळख विशेष करून. लाल-हिरवा दिवा ओळखता येत नसेल तर पुढचा खर्च फुकट जाऊ शकतो.

आता कागद. परीक्षेला समुद्रावरचे ५० दिवस आणि २,५०० मैल लागतात, त्यातले ५ दिवस तरी स्वतः बोटीचा प्रमुख म्हणून. ६० मैलांहून लांबचे ५ प्रवास हवेत: त्यातले २ रात्रभराचे आणि २ तुझ्या हुकमतीखाली. निम्मा तरी अनुभव भरती-ओहोटीच्या पाण्यातला हवा. आपल्या किनाऱ्याला ती अट अडवत नाही. अडतं ते दुसरीकडे. गेटवे-मांडवा फेऱ्या कितीही मारल्यास तरी त्यांचा ६० मैलांचा एक प्रवास होत नाही. मुंबई-रत्नागिरी मात्र होतो. शिडाच्या बोटीवर परीक्षा द्यायची तर निम्मा अनुभव शिडाचाच लागतो. आणि १० वर्षांपेक्षा जुने मैल धरत नाहीत.

प्रत्येक प्रवासाची तारीख, बोटीचं नाव आणि लांबी, कुठून कुठे, मैल, रात्रीचे तास, तुझं काम आणि तांडेलाची, म्हणजे बोटीच्या प्रमुखाची, सही, एवढं वहीत त्याच दिवशी हवं. हे इतकं लांबवतोय, कारण कोकणातले माझे मैल कागदावर नव्हते म्हणून मोजलेच गेले नाहीत. ते अजून सलतं. ज्या पाण्याने शिकवलं, त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता.

कॉलेजात आपली पोरं अडतात ती भरतीच्या गणितात. उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस, तुला अंगवळणी आहेत, पण तिथीची पाऊणपट करून काढलेली वेळ परीक्षकापुढे चालत नाही, तिथे मिनिटं आणि दशांश मीटर लागतात. तिथली कोष्टकं जागतिक वेळेत असतात. उन्हाळ्यात एक तास मिळवायला विसरलास की पुढचा सगळा हिशेब चुकतो. सोलंटमध्ये तर साउदॅम्प्टनला भरती दोनदा माथा गाठते, पाणी वरच रेंगाळतं आणि मग झपाट्याने उतरतं. म्हणून भरतीची चढ-उतार तासागणिक बारा भागांत वाटणारा ठोकळ नियम तिथे लावू नकोस, त्या बंदराचा भरतीचा आलेखच वापर. मध्येच ब्रॅम्बल बँक नावाचा वाळूचा दांडा आहे, मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो.

धुक्याच्या कसोटीत तुला खाली नकाशाच्या टेबलाशी बसवतात. बाहेर पाहायचं नाही, पाण्याच्या खोलीच्या आकड्यांवर बोट न्यायची. नकाशावरची ५ मीटर खोलीची रेषा धरायची आहे, भरतीची उंची २.३ आहे, तर पाणी ७.३ मीटर. खोली मोजणारं यंत्र किलाखालची, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याखालची, खोली दाखवत असेल आणि बोट १.९ मीटर बुडत असेल, तर पडद्यावर ५.४ दिसायला हवं. यंत्र कुठून मोजतं हे निघण्याआधी न विचारता ७.३ शोधत बसणारे खोल पाण्यात, मोठ्या जहाजांच्या वाटेकडे सरकतात. नापास होण्याची दुसरी मोठी जागा म्हणजे टक्कर टाळण्याचे नियम. ते नुसते समजून भागत नाही, पाठच लागतात.

पास झाल्यावर शिक्क्यासाठी सागरी बचावाचा कोर्स, व्यावसायिक जबाबदाऱ्यांचा ऑनलाइन कोर्स आणि वैद्यकीय दाखला लागतो. झटपट कोर्स काही महिन्यांत मैल भरून देतात, पण रात्री अनोळखी बंदरात शिरण्याचा धीर त्यात येत नाही. जमेल तितकं आधी इथेच बोटीवर राहा.

एकटेपणाबद्दल तू विचारलं नाहीस. पाचजण एका बोटीत झोपतात, तरी तो येतो. कामाला जुंपून घे, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुला खरं सांगतो, मला स्वतःला त्याने पुरलं नाही. आठवड्यातून एकदा घरी फोन कर आणि मराठीत भरपूर बोल.

पावसाळ्यात लाँच बंद होतात, तांडेल आपापल्या गावी जातात. त्याआधी दोन्ही हंगामांच्या सह्या घेऊन ठेव.