पाचवी-सहावीच्या मुलांना पाण्याची बचत कशी शिकवावी?
घोषवाक्यांपेक्षा मुलांना शाळेच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला लावा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून असाच हिशेब करतं आणि त्यावर पिकं ठरवतं. सरळ उभ्या काठाची बरणी मैदानात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी मुलांनीच आत पट्टी धरून मिलिमीटर मोजायचे. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. म्हणजे १०० चौरस मीटर पत्र्यावर १० मिमी पडला की चक्क १,००० लिटर! हा आकडा फळ्यावर आला, की गळक्या नळाखाली बादली लावून थेंब मोजायला सांगावं लागत नाही. फक्त एक: पत्र्यावरचं सगळं पाणी टाकीत येत नाही, पहिली सर तर धूळ धुण्यातच जाते, तेवढी घट आधीच धरा.