स्ट्रीट फोटोत काळ सरकतोय हे कसं दाखवावं? लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर घ्यायलाच हवा का?

फिल्टरचं नंतर बघू. आधी फ्रेममध्ये न हलणारं काहीतरी शोधा. सगळंच पुसट झालं तर बघणाऱ्याला काही कळत नाही. फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरनं १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलवार द्यू ताँप्लचा फोटो घेतला, तेव्हा एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं. रस्त्यावरची वर्दळ उमटलीच नाही. दिसतो तो बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता.

माझा एक फोटो असाच होता. बसथांब्यावर एक आजोबा खांबाला टेकून पेपर वाचत होते, भोवती घरी निघालेल्यांचा लोंढा. ट्रायपॉड लावून अर्ध्या सेकंदावर घेत राहिलो. कधी आजोबांनी मान वळवली, कधी पान उलटलं. शेवटी एका फ्रेममध्ये जमलं: चष्मा, बोटं, पेपरचा मथळा सगळं स्पष्ट आणि बाजूनं माणसांच्या नुसत्या रेघा. स्पर्धेत परीक्षकांनी तो लगेच बाजूला ठेवला. शेरा काय, तर 'फोटो हललाय, शटर स्पीड वाढवा,' म्हणजे एक्सपोजर कमी वेळाचं ठेवा. अहो, कॅमेरा हलला असता तर मथळा वाचता आला असता का? खांबसुद्धा पुसट झाला असता! हे मी त्यांना तिथेच विचारलं. त्यावर म्हणे, स्ट्रीटमध्ये क्षण गोठवायचा असतो.

हा नियम कुणी केला? रशियन फोटोग्राफर अलेक्सी टिटारेंको यांनी १९९० च्या दशकात सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रो स्टेशनबाहेरची गर्दी लांब एक्सपोजरनं टिपली. माणसं विरून गेली आहेत, कठड्यावरचे हात तेवढे ओळखू येतात. ते स्ट्रीट नाही तर काय आहे? गोठवलेला क्षण मलाही आवडतो, पण तुम्ही विचारलंय काळाबद्दल, आणि तो तिथे क्वचितच सापडतो.

१/१५ सेकंदापासून सुरुवात करा. चालणाऱ्याचे हातपाय पुसट होतात, माणूस ओळखू येतो. अर्ध्या सेकंदाला रेघ उरते. त्यापुढे बऱ्याच सेकंदांवर गेलात तर चालणारी माणसं दिसेनाशीच होतात, तेव्हा गर्दी हवी असेल तर तिथवर जाऊ नका. कुणी 'हललाय' म्हणालं तर फोटोतल्या स्थिर भागावर बोट ठेवा आणि बघायला लावा. स्पर्धेसाठी शटर स्पीड वाढवू नका.

हां, फिल्टर. कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ (लेन्सचं बारीक छिद्र) ला साधारण १/१२५ सेकंद येतो, सहा स्टॉपचा (प्रकाश सहा वेळा निम्मा करणारा) एनडी लावला की अर्धा सेकंद. संध्याकाळनंतर त्याची गरज पडत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त हाताची थरथर सांभाळतं, चालणारा माणूस पुसट व्हायचा तो होतोच. वर्दळीत ट्रायपॉडनं लोकांची वाट अडते, तिथे कॅमेरा कठड्यावर टेकवा.

आणि वर्षं दाखवायची असतील तर हे काहीच लागत नाही. फोटोग्राफर कामिलो होसे व्हर्गारा यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एकाच दुकानाच्या दर्शनी भागाचे फोटो १९७७ पासून पुनःपुन्हा काढले. शटर स्पीड कुठलाही चालेल, उभं राहायची जागा आणि लेन्स तेवढी बदलू नका.