बेन जॉन्सनला नुसता 'स्टंटमन' का म्हणता?

प्रश्न: 'बेन जॉन्सन मुळात स्टंटमन, मग त्याला ऑस्कर कसं मिळालं? त्याचे वेस्टर्न कुठून बघायला सुरुवात करू?'

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉयांच्या सिनेमांतल्या या हॉलिवूड नटाला 'मुळात स्टंटमन' म्हणणं डोक्यात जातं. तो डुप्लिकेटचं काम करायचा, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला, 1918 चा जन्म, वडील रोडिओतले, म्हणजे काउबॉयांच्या घोडेस्वारी आणि दोरफेकीच्या स्पर्धांतले विजेते. निर्माता हॉवर्ड ह्यूजने 'द आउटलॉ' या सिनेमासाठी घेतलेले घोडे पोचवायला हॉलिवूडला आला आणि तिथलाच झाला. 'फोर्ट अपाची'च्या (1948) शूटिंगच्या वेळी घोडागाडी उधळली, ती त्याने अडवली आणि आतली माणसं वाचली. दिग्दर्शक जॉन फोर्डने त्याला सात वर्षांचा करार दिला, आठवड्याला 5000 डॉलर.

पण फोर्डच्याच 'रिओ ग्रँद'मधलं (1950) रोमन रायडिंग नीट बघा. दोन घोडे जोडीने पळतायत, एकेकाच्या पाठीवर एकेक पाय आणि स्वार उभा. जोडीची उंची आणि चाल सारखी नसेल तर पहिल्या वळणावरच खेळ संपतो. गुडघे सैल, किंचित वाकलेले हवेत. ताठ झाले की दणका कमरेत बसतो, तोल मागे जातो, हात आपोआप लगाम खेचतात आणि घोडे बिचकतात. सगळ्यांत वाईट म्हणजे घोडे एकमेकांपासून फाकणं. पाय ताणत जातात आणि माणूस मधून थेट टापांखाली जातो. म्हणून लगामाने दोघांना सतत एकमेकांकडे वळतं ठेवावं लागतं. जॉन्सन आणि त्याचा सहकलाकार हॅरी केरी ज्युनियर यांनी हे स्वतः केलंय. आता जॉन्सनचा चेहरा बघा. एवढं सगळं चालू असताना त्यावर कष्टाचा मागमूस नाही. याला अभिनय नाही तर काय म्हणायचं?

त्याच शूटिंगमध्ये फोर्डशी बिनसलं आणि पुढे 'शायान ऑटम'पर्यंत (1964) फोर्डने त्याला घेतलं नाही. 1953 मध्ये तो सिनेमा सोडून रोडिओत उतरला आणि टीम रोपिंगचा (दोन घोडेस्वारांनी मिळून दोरीच्या फासाने गुरू पकडण्याचा खेळ) जगज्जेता झाला. नंतर टीव्हीवर 'गनस्मोक', 'बोनान्झा' वगैरेंत पाहुण्या भूमिका केल्या. त्यात फार काही हाती लागत नाही.

ऑस्कर 'द लास्ट पिक्चर शो'साठी (1971), सहायक अभिनेत्याचं. संवादांतल्या शिव्यांमुळे त्याने आधी नकार दिला होता, शेवटी फोर्डने गळ घातली. 'घोड्यावर बसता येतं म्हणून कामं मिळाली' म्हणणाऱ्यांनी त्यातला तळ्याकाठचा प्रसंग बघावा. घोडा नाही, मारामारी नाही, एक म्हातारा बसून जुन्या प्रेमाबद्दल बोलतोय. एवढ्यावर तो अख्खा सिनेमा पेलतो.

हां, त्याचा आवाका मर्यादित होता, शहरी माणूस म्हणून तो सहसा पटत नाही, हे मान्य. तरी आधी 'वॅगन मास्टर' (1950) बघा, त्यात तो नायक आहे; जॉन वेनच्या सावलीतला 'शी वोअर अ येलो रिबन' (1949) त्यानंतर.