खान्देशातल्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने स्पॅनिश शिकावी का? त्यावर नोकरी मिळते का?

थेट उत्तर आधी देते: बी.कॉम. सोडू नका, आणि स्पॅनिशचा नादही सोडू नका.

तुम्ही लिहिलंय की चोपड्याला दुसऱ्या वर्षाला आहात, घरी केळीचा बाग आहे, आणि बी.कॉम. अर्धवट टाकून दिल्लीला बी.ए. स्पॅनिशला जावं का हा प्रश्न आहे. घरचे म्हणतात, शिकायचीच असेल तर जर्मन शीक. मी यावल तालुक्यातली. घरात लेवा गणबोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात अहिराणी आणि हिंदी, असं वाढले. कॉमर्स जळगावला झालं, स्पॅनिश पुण्यात संध्याकाळच्या वर्गात. आता एका कंपनीत मेक्सिको आणि कोलंबियातल्या पुरवठादारांची बिलं तपासते. म्हणजे तुमच्याच वाटेवरून पुढे गेलेली आहे म्हणा.

नुसती स्पॅनिश येणाऱ्याला बहुतेक वेळा फोनवर तक्रारी ऐकायचं काम मिळतं. ते काम वाईट नाही, पण त्यात वर चढायला जागा कमी. स्पॅनिशबरोबर हिशेब कळत असेल तर गोष्ट वेगळी होते. आपल्या जीएसटीच्या जागी तिकडे ‘इवा’ हा कर. साधारण दर मेक्सिकोत १६ टक्के, कोलंबियात १९, स्पेनमध्ये २१. मेक्सिकोच्या बिलावर ‘आर.एफ.सी.’ नावाचा करनोंदणी क्रमांक असतो, कोलंबियाच्या बिलावर ‘निट’. बी.कॉम. झालेल्याला हे सांगावं लागत नाही की करनोंदणी क्रमांक चुकला तर बिल अडकतं. भाषेच्या पदवीधराला आधी ते शिकवावं लागतं.

आकड्यांचंच बघा. स्पेनहून आलेल्या कागदावर १.२५०,५० असं लिहिलं असेल तर ते सव्वा नाही. ते एक हजार दोनशे पन्नास पूर्णांक पन्नास. तिकडे टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी. मेक्सिकोत मात्र टिंब दशांशालाच. शिवाय अमेरिकन लोक ज्याला बिलियन म्हणतात ते स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’, आणि स्पॅनिशचा ‘बियोन’ त्याच्या हजार पट. एवढी एक गल्लत अहवालात गेली की पुढची सगळी बेरीज कोसळते. व्याकरणाच्या पुस्तकात हे एखाद्या कोपऱ्यात असतं, टेबलावर ते रोज समोर येतं.

आडनावांचंही तसंच. स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक देशांत माणसाला दोन आडनावं असतात, पारंपरिक रीतीने आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. लग्नानंतर बाई सहसा आपली आडनावं बदलत नाही. १९८२ साली नोबेल मिळालेल्या कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केसना आपण सर्रास ‘मार्केस’ म्हणतो, पण यादीत ते ‘ग’खाली सापडतील. आपल्याकडच्या ऑफिसात शेवटचा शब्द हेच आडनाव धरून नोंद होते, आणि मग एकाच माणसाची दोन खाती तयार होतात.

‘कल्चरल फ्लुएन्सी’ म्हणून कॉलेजं जे शिकवतात त्यात फ्लामेंको नाच आणि पाएया नावाचा भात हेच फार असतं. त्यापेक्षा कुणाला ‘तू’ म्हणायचं आणि कुणाला ‘उस्तेद’, हे आधी शिका. आपल्याला तू-तुम्ही जन्मापासून ठाऊक, त्यामुळे कल्पना समजते, पण सीमारेषा देशागणिक सरकते. स्पेनमध्ये पहिल्या-दुसऱ्या बोलण्यातच ‘तू’वर येतात. बोगोतात घरच्या माणसाशीही ‘उस्तेद’ चालतं. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’. मी नव्या माणसाला ‘उस्तेद’नेच लिहिते, तो ‘तू’वर आला की मगच मी येते. आणि कोलंबियाच्या माणसाला फोन केला की पहिल्याच वाक्यात बिल काढू नका. आधी खुशाली. आपल्याकडे पारावर बसलेल्याला जसं ‘काय म्हणता’ विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाही, तसंच.

आता एक गोष्ट जी क्लासवाले सांगत नाहीत: स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. ‘मला चहा आवडतो, मला आंबे आवडतात’ यात क्रियापद चहा-आंब्यांप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तेच, ‘मे गुस्ता’ आणि ‘मे गुस्तान’. वर्गात इंग्रजी माध्यमाची मुलं इथे हमखास अडखळायची. ‘मी गेलो’ आणि ‘मी जायचो’ हा फरक आपल्याला आहे, त्यांनाही आहे. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातल्या ‘यावंस’सारखं क्रियापदाचं वेगळं रूप तिकडेही येतं, आणि इंग्रजीतून येणारा विद्यार्थी त्यावर महिने घालवतो. उच्चारात त आणि द आपलेच, ट आणि ड नाहीत. मराठी जिथे उपयोगी पडत नाही ते दोन ‘असणं’: ‘सेर’ आणि ‘एस्तार’. दोन्ही आपल्याला ‘आहे’च वाटतात. तिथे घासावंच लागतं.

शिकायचं कुठे? जळगावात बसून सुरुवात करायची तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, बी.कॉम.नंतर तिथे बघा. युजीसीने २०२२ पासून एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, तेव्हा ‘हे की ते’ असा पेच पूर्वीइतका राहिलेला नाही. दिल्लीचं जेएनयू किंवा हैदराबादचं इफ्लू हे भाषांचं विद्यापीठ उत्तमच, पण ते भाषेत, साहित्यात, अध्यापनात आयुष्य काढायचं असेल त्याच्यासाठी. ती ओढ खरोखर असेल तर सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा द्या, भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस आहेच.

ए-१, ए-२ या भाषेच्या सुरुवातीच्या पातळ्या, त्यांच्या प्रमाणपत्रावर कुणी नोकरी देत नाही. बी-२ ही वरची पातळी लागते. परीक्षा दोन: ‘देले’ एकदा पास झालात की कायमची, ‘सिएले’चं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. नोकरीचा अर्ज लगेच टाकायचा असेल तर सिएले, नाहीतर देले.

रात्रीची तयारी मात्र ठेवा. मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. माझं जेवण त्याच सुमारास डेस्कवर होतं, आणि घरच्यांना ते अजून पटलेलं नाही.

केळीचं लिहिलंत म्हणून. जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करतो तो इक्वाडोर, आणि तिथली भाषा स्पॅनिश. आपण ज्याला करपा म्हणतो तो सिगाटोका तिथेही आहे. केळीच्या पनामा रोगाची, म्हणजे मर रोगाची, टी.आर.-४ ही जात २०१९ मध्ये कोलंबियात सापडली, २०२१ मध्ये पेरूत. तिथल्या सरकारी कृषी खात्यांची शेतकऱ्यांसाठीची पत्रकं स्पॅनिशमध्ये असतात. इक्वाडोरात सरकार केळीच्या खोक्यामागे किमान भाव जाहीर करतं. रावेर-बऱ्हाणपूरच्या बोर्ड भावावर घरी जी चर्चा होते, तिच्यात हे वडिलांना सांगून बघा. बी.कॉम., केळी आणि स्पॅनिश असं तिन्ही कळणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

राहिला जर्मनचा मुद्दा. घरचे चुकीचं बोलत नाहीत. परदेशी जाऊन तिथेच नोकरी करायची असेल तर जर्मन बरी, पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, वाटही मळलेली आहे. स्पॅनिशची कामं बहुतेक इथेच, पुण्या-बंगळुरात बसून होतात. तुम्हाला चोपड्याला अधूनमधून घरी येता यावं असं वाटत असेल, तर स्पॅनिश घ्या.